बारा इंच रुंद, दहा इंच लांब

विल्मा टीचरने सायकल भिंतीला टेकवली, म्हणाली,
मेस्त, एकतीस फळ्या पाहिजेत.
मोडायला.

मी रंधा थांबवला.
डिचोलीत चाळीस वर्षं
दारं केली, पाळणे केले, पालखीचे दांडे केले.
कुणाची खुर्ची करकरली तरी
शिवी माझ्या नावाने पडते.
मोडायला म्हणून कुणी काही मागितलं नव्हतं.

सागवान महाग. फणस नको, हातच मोडेल.
सातवीण बघितली, ती दबते, चिरत नाही.
आंब्याची एक फळी टीचरने स्वतः मारून पाहिली
आणि बराच वेळ बोटं काखेत धरून
दुकानात उभी राहिली,
हसत.

मग वास्को. मौलासाबच्या भंगारात
बोटीतून आलेल्या यंत्रांच्या पेट्या,
कुठल्या तरी थंड मुलखातलं पिवळं पाईन,
नाकाशी धरलं तर खोकल्याच्या औषधासारखं.
दिवसभर खिळे उपसले.
गाठीच्या फळ्या वेगळ्या काढल्या.
गाठ म्हणजे तिथे एकदा फांदी होती.
झाड ते विसरत नाही,
आणि पोराच्या मुठीला ते कळायचं कारण नाही.

कापताना एकच गोष्ट सांभाळायची.
रेघ दहा इंचांच्या बाजूने गेली पाहिजे.
धरणाऱ्याचे हात दोन्हीकडे, मार मधोमध,
मग लाकूड स्वतःच वाट देतं,
शेंग उकलावी तशी.

पण श्रावण. हवेतलं पाणी लाकूड पितं.
ओली फळी मोडत नाही,
मार गिळून गप्प बसते.
कायतान पदेराला विचारलं,
उंडे निघाल्यावर भट्टीच्या माथ्यावर ठेवू का, दोन रात्री?
ठेव, म्हणाला. भाडं म्हणून मोडके तुकडे दे.
तिसऱ्या दिवशी फळ्यांना पावाचा वास येत होता
आणि टिचकी मारली की
घटासारख्या वाजत होत्या.

तीस झाल्या.
एक कमी.
उरलेला तुकडा दहाच इंच रुंद.
आडवा धरला, बारा इंचांवर कापला.
माप बरोबर आलं.
रात्रीचे अकरा वाजले होते.
मी मनाशी म्हटलं, फळी ती फळी.

पंचायतीच्या हॉलमध्ये रविवारी
फाट, फाट, एकामागून एक.
आया टाळ्या वाजवत होत्या.
मला वाटलं नव्हतं,
माझं काम मोडताना मला इतकं बरं वाटेल.

साईश शेवटचा. नऊ वर्षांचा,
पट्टा दोनदा कमरेभोवती जाऊन उरलेला.
मारलं. परत मारलं.
तिसऱ्यांदा ओरडला आधी, मग मारलं.
टीचर म्हणाली, होतं असं, पुढच्या वेळी.
कुणीतरी हसलं. त्याचा बापही थोडा हसला.
मी मागच्या बाकावर होतो
आणि तिथून मला
रेघ दिसत होती,
ह्या हातापासून त्या हातापर्यंत,
ताणलेल्या दोरीसारखी.

मी उठलो नाही.
हे लिहायचं नव्हतं, पण उठलो नाही.

संध्याकाळी गेलो त्याच्या घरी.
फळी काखेत. बाप म्हणाला, झोपला तो, जेवला नाही.
मी सांगितलं, चूक कापणाऱ्याची.
बाप म्हणाला, असू दे हो मेस्त, पोरंच ती.
असू दे कसं?

चार दिवसांनी शाळा सुटल्यावर तो दुकानात आला.
बोटांच्या सांध्यांवर खपल्या.
बाबा म्हणाला तुम्ही काहीतरी दाखवणार.
मी त्याचं बोट धरलं
आणि फळीवरून रेघेरेघेने फिरवलं.
मग उलट. तिथे जरासं अडतं.
कळलं?
त्याने मान हलवली, कळलं नसताना हलवतात तशी.
मग स्वतःच पुन्हा फिरवलं. डोळे मिटून.

बत्तिसावी मी कापून ठेवली होती.
त्याने ती घेतली नाही लगेच.
आधी खिडकीच्या उजेडात धरली,
रेघ बघितली,
मला म्हणाला,
मेस्त, तुम्ही धरा.