वाटा

पहाटे साडेतीनला कुंजुमोनचा ट्रक मागच्या दाराला लागतो.
उम्म अल कुवैनच्या मासळीबाजारात
ज्याचा भाव कुणी विचारला नाही ते सगळं
निळ्या पिंपांतून माझ्या वजनकाट्यावर:
सुरमईची मुंडकी, इथे तिला कनद म्हणतात,
हामूरचे कल्ले, शेरीचे कणे,
आणि कोळंबीची डोकी, मिशांसकट
एकमेकींत अडकलेली.
तीन तासांत शिजलं पाहिजे.
पुढे उन्हाचा भरवसा नाही.

गिरणीपलीकडच्या भिंतीआड सामन.
बाहेर सेहेचाळीस, पाण्यात तेरा.
अंड्यात होते तेव्हा विमानाने आले,
समुद्र पाहिलेला नाही एकानेही,
तरी पंपाच्या धारेकडे तोंड करून
दिवसभर उभे.
हे त्यांना कोण शिकवतं, मी विचारलं नाही.

यंदा कंपनीने ठरवलं,
एका माशापायी टोपलीभर पेडवे दळायचे नाहीत.
आधी नुसतं सोयाबीन करून पाहिलं.
दाणा गोल, गुळगुळीत,
कागदावर प्रथिनं बरोब्बर.
माशांनी तोंडात घेतला
आणि थुंकला.
दुसऱ्या दिवशीही थुंकला.
तळाशी तपकिरी साय, फिल्टर तुंबलेला,
डॉक्टर रआफत काचेवर बोट आपटत म्हणाले,
"मिस कोयांदी, यांना हवंय तरी काय?"

कोयंडे, मी म्हटलं. मनात.
आणि मला दिसला तारामुंबरीचा
मागीलदारचा पाटा.
आवय कोळंबी सोलायची.
सोललेली गिऱ्हाइकांची, डोकी आमची.
ती वाटायची, फडक्यातून पिळायची,
केशरी रस सोलकढीहून पातळ,
भातावर ओतायची
आणि वर म्हणायची,
"मासो गेलो, वास रवलो. वासार जेवा."
आम्ही चौघं ताटं चाटून ठेवायचो.

मी पाटा मागितला नाही.
एन्झाइम मागितलं, पन्नास अंश, चाळीस मिनिटं.
डोकी विरघळली, नुसते डोळे उरले,
काळे, मोहरीएवढे, गाळणीत.
रस त्याच सोयाबीनवर फवारला.
बादली टाकीच्या कडेला नेली
तेव्हा अजून मूठ उघडलीही नव्हती,
पाणी उकळल्यासारखं झालं.

अबू हमैद गुरुवारी येतो,
जाळ्याचं जुनं कर्ज वसूल केल्यासारखा
खेकड्यांसाठी फुकट आमिष नेतो.
त्याला सांगितलं तर हसला.
म्हणाला, आमचे उंट वाळकी तारली खायचे,
दुधाला वास यायचा,
आम्ही लहानपणी नाक धरून प्यायचो.
मी म्हटलं, आमचे माड कुटी खातात.
नारळाला वास येतो?
नाही.
मग तुमचा माड उंटापेक्षा सभ्य, म्हणाला,
आणि पिशवी उचलून गेला.

अहवालात रकाना आहे: मूळ स्रोत.
लिहिलं, कोळंबीची डोकी, स्थानिक बाजार.
पुढचा रकाना: संदर्भ.
तिथे पेन जरा थांबलं.
रआफतसाहेबांनी दोन नॉर्वेजियन नावं सुचवली,
मी ती लिहिली.

एक गोष्ट मात्र.
मोठ्या माशाचं मुंडकं आवयच्या ताटात असायचं,
आणि लोक सांगतात तसा तो त्याग नव्हता.
एकदा मामाने मधला तुकडा वाढला,
तिने परत ठेवला.
मुंडकं चोखायला तिला अर्धा तास लागायचा.
त्या अर्ध्या तासात
तिला कुणी हाक मारायची नाही.

आज पिंपातून एक कनदचं मुंडकं काढलं.
वहीत वजा एक किलो दोनशे,
कारण: नमुना.
खोलीवर तिरफळं घालून शिजवलं,
दार लावलं, कल्ल्यापासून सुरुवात केली.
डोळ्याजवळच्या गाठीपर्यंत पोचले
तेव्हा फोन वाजला.
वाजू दिला.
तिचाच होता.
तिला कळेल.