उसना काटा

सोमवारी गुजरी बंद,
म्हणून आमचा लहान काटा
शिकलगारांकडं कामाला जायचा.
मी नववीत. काचेची पेटी छातीशी धरून
पापाच्या तिकटीवरून वळायचो,
वडील मागून सांगत, पळू नको,
त्याला श्वाससुद्धा कळतो.

दस्तगीरचाचांची खोली एका खिडकीची.
आत विडी नाही, शेगडी नाही,
चहासुद्धा बाहेर पायरीवर.
भिंतीवर फ्रेममधला परवाना
आणि टेबलावर पितळी पुंगळ्या, उभ्या,
बुडावर किरकीचा शिक्का, साल त्रेचाळीस.
क्लबानं लिलावात घेतलेल्या पेट्या,
दोरखंडाच्या कानांच्या.
गोळी ओढून काढली की पोटात शेवया.
खरंच शेवयाच, तपकिरी, जुडी बांधल्यासारख्या.
"म्हातारी झाली ही," चाचा म्हणायचे,
"हिच्या जिवावर आता निशाण धरायचं न्हाई."
परसात नेऊन जाळायचे एकेक काडी.
आवाज नाही. पिवळा फुसकारा, आणि झालं.
एका लढाईचा उरलेला राग
एवढासाच.

मग नवी दारू. दोन डबे, दोन गावचे.
टोप्याही दोन तऱ्हांच्या.
एकदा चाचींनी दारातून विचारलं,
"आज कुठली दारू घेतलीसा?"
आणि रस्त्यावरची चार माणसं थबकली.
चाचा हसले नाहीत. मोजत होते.
आमच्या पारड्यात, जिथं काल
कुणाच्या तरी लेकीची नथ होती,
तिथं करड्या कण्यांची चिमूट,
आणि ते एका कणीसाठी
पुन्हा पहिल्यापासून.

लांब वही. रकाने शिसपेन्सिलीचे:
दारू, टोपी, हवा,
आणि शेवटचा, सगळ्यात रुंद, 'काय झालं'.
डावीकडं गेली.
बरी.
विखुरली, चूक माझी.
जुनी टोपी, नळी लगेच धुतली.
(त्या टोपीत मीठ असतं म्हणे.
दुधाळीवर किटलीभर उकळतं पाणी न्यायचे,
नळीत ओतायचे. "रातोरात लोखंड खातंय,
मिठाला जागायचं ते असं.")

एका पुंगळीत, शेवयांच्या डोक्यावर
बसवलेली पुठ्ठ्याची चकती निघाली,
तिच्यावर अर्धा अंगठा.
काळा, रेघांसकट.
किरकीत, त्रेचाळीसात, कुणीतरी
घाईत दाबला असणार. पोराचा? बाईचा?
चाचांनी खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला.
बाकीच्या चकत्या केरात गेल्या.
ही वहीत, डिंक लावून.
त्या दिवशी 'काय झालं' मध्ये
फक्त लिहिलं: माणूस.

आणि तो रविवार.
इंगवले वकिलांनी चाप ओढला.
टक्.
एवढंच. जुन्या टोपीचा कोरडा टक्.
वकील वळून बघणार, इतक्यात चाचा
कधी नव्हे ते ओरडले,
"हलवू नका! तोंड मातीकडंच! थांबा!"
आम्ही थांबलो.
बांधावर एक टिटवी चालत होती.
आता काही नाही, असं
सगळ्यांच्या खांद्यांना वाटून गेलं,
तेव्हा सुटली.
मातीतून धूर निघाला.
टिटवी गेली.
वकील खाली बसले. चाचांनी वहीत लिहिलं:
उशिरा.

चाचा गेले त्याला अकरा वर्षं.
क्लब आता छापील डब्यांतली काडतुसं घेतो.
दुकानात माझ्याकडं विजेवरचा काटा आहे,
आकडे हिरवे, वाद नाहीत.
वही चाचींनी माझ्या हातात दिली,
"तुमच्या काट्याची हाय," म्हणाल्या.
शेवटच्या ओळीत दारू लिहिलेली, टोपी लिहिलेली,
हवा: निवळ.
पुढचा रकाना मोकळा.

परवा सोमवारी पेटी उतरवली,
धूळ पुसली. डिंक केव्हाच सुटलेला,
चकती आपोआप हातात आली.
पारड्यात ठेवली.
माझा अंगठा तिच्यावर ठेवून बघावा
असं मनात आलं, ठेवला नाही.
काटा हलेना.
मी श्वास धरला, पेटीचं तोंड तसंच ठेवलं,
थांबलो.
मग हलला.