पट्ट्याची रुंदी

रबाळे एमआयडीसीत, बादल्यांच्या कारखान्यावर
दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस.
खालून तापल्या प्लास्टिकचा वास येत राहतो
आणि आम्ही ठरवतो
पाचशे किलोमीटरांवरून जमिनीकडे कसं बघावं.

तुंगारे साहेब पूर्वी तोफखान्यात होते.
फळ्यावर दोनच शब्द लिहितात:
बारीक. रुंद.
आणि खडू माझ्या हातात देतात.

अँटेना आखूड केला की नजर बारीक होते,
हे ऐकून नवीन माणूस हमखास हसतो.
सहा मीटरचा अँटेना, तीन मीटरची नजर.
दोन मीटरचा केला तर एकाची.
पण मग हाका भराभर माराव्या लागतात,
उत्तरं एकमेकांवर चढतात,
कुठलं उत्तर कुठल्या हाकेचं, उमगत नाही.
म्हणून पट्टा चिंचोळा करायचा.
एक रणगाडा नीट मोजायचा
तर शेजारची अख्खी छावणी सोडून द्यायची.

लहर दोन बोटांची घेतली तर पानापानावर अडते.
वीतभर घेतली तर झाडाखाली, जाळीखाली शिरते,
पण तिला धार नाही.
बॅटरी म्हणते, एका फेरीत चार मिनिटं, वर एक सेकंद नाही.
वजनाचं कुणी ऐकत नाही.
शेवटी तेच जिंकतं.

मार्चमध्ये दिवा कोळीवाड्यापलीकडे, जुन्या बांधावर
आम्ही खुणेसाठी ॲल्युमिनियमचा कोपरा ठेवला.
तीन पत्रे, एकमेकांशी काटकोनात:
वरून येईल ते आल्या वाटेनं परत पाठवणारा.
राखणीला हिराजी मढवी,
चिंबोऱ्यांसाठी तो रोज तिथेच असतो.
“पहाटे पाच चाळीसला फोटो,” मी म्हटलं.
“काळोखात?”
“काळोखात.”
“धुकं आलं तं?”
“तरीही.”
त्यानं जरा विचार केला.
“मंग शर्ट कंचा घालू?”

प्रतिमा आली, दुसऱ्यांच्या उपग्रहाची, विकत घेतलेली.
खाडी काळी, कारण शांत पाणी
आलेलं सगळं पुढे ढकलतं, परत काही देत नाही.
सेक्टरांतले टॉवर उपग्रहाकडे कलंडलेले,
जणू कुणी हाक मारली म्हणून वाकले.
ऐरोली पुलावरचे ट्रक पूल सोडून पाण्यात.
चालत्या वस्तूची जागा अशी चुकते;
ते गणित आम्ही मागाहून दुरुस्त करतो.
आणि बांधावर कोपरा: पांढरी फुली,
रणगाड्यालाही लाजवील अशी लखलखीत.

हिराजी नव्हता.
त्याची होडी नव्हती.
ओलं लाकूड, ओला माणूस, ओला चिखल,
तिघांचा मिळून एक राखी दाणा.

मी त्याला मोबाईलवर दाखवलं.
फुलीच्या जरा डावीकडे बोट टेकवून तो म्हणाला,
“मी तं हितंच होतो.”
बोटाखाली अर्धा कोळीवाडा झाकला गेला.

सोमवारी तुंगारे साहेब म्हणाले, रुंद.
माणूस दिसायला लागला की सगळे माणसालाच बघत बसतात.
मला हवंय, रात्रीतून तिथली किती वाहनं हलली.
“तिथली” म्हणताना त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही.
बाहेर फक्त पारसिकचा डोंगर होता.

मी लिहिलं: नजर तीन मीटर, पट्टा तीस किलोमीटर.
म्हणजे एका चौकटीत नऊ चौरस मीटर.
एक खोली. दार लावून घेतलेली.
तिथेही एखादी खाडी असेल,
तिच्या काठाला कुणीतरी शर्टाचा विचार करत असेल,
हे कुठल्या रकान्यात लिहावं
ते नमुन्यात दिलेलं नव्हतं.

कोपरा परत आणायला गेलो
तर हिराजीनं त्यावर जाळं वाळत घातलेलं.
सवयीनं मी हिशेब केला:
कोरडं नायलॉन, दोन बोटांच्या लहरीला नसल्यासारखंच.
जाळ्याखाली सावलीत टोपली होती,
ओली, जिवंत, आतून खरखर वाजणारी.
“उचला नं,” तो म्हणाला, “पन हळू.”