प्रश्न क्रमांक सतरा

मे महिन्याची दुपार, मानेवाड्यात रस्ते ओस,
कूलरच्या वाळ्यातून ओला वास,
आणि नणंदेची श्रावस्ती
एम.ए.च्या प्रकल्पाचे चार कागद घेऊन समोर.
"मामी, खरं खरं लिहिजो. नाव नको टाकू."

स्त्री की पुरुष, तिथे खूण झाली
मान वर न करता.

"मी बोलकी आहे." एक ते पाच.
कोणाशी?
ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायांशी, पाच.
घरात, दीड.
दीडचा गोल नाही, म्हणते.

"लहानसहान गोष्टींची मला काळजी लागून राहते."
पाच. पेन थांबलंच नाही.

"फोन जवळ नसला की मी बेचैन होते."
हा सतरावा.

बाहेरच्या खोलीत हे,
दिवाणावर आडवे, रीलचा आवाज पूर्ण,
हसणं गल्लीला ऐकू जातं.
त्याला विरंगुळा म्हणतात.
उत्कर्ष पहाटे तीनपर्यंत गोळ्या झाडतो.
त्याला वय म्हणतात.
मी गॅस बंद करून
न्हाणीच्या उंबऱ्यावर, कडी लावून,
नळ थेंब थेंब सोडून
बारा मिनिटं:
"हिचं लक्षच नसतं आजकाल घरात."

त्या बारा मिनिटांत गोंदियाची एक बाई आहे.
कशिदा करते. मी तिला पाहिलेलं नाही.
रोज विचारते, "जेवली का व?"
या घरात हा प्रश्न मी विचारते.

पण खोटं कशाला लिहू.
रात्री दोनला उठून पाहते,
ती जागी होती, मला उत्तर नाही,
छातीत शिलाई मशीन सुरू.
हे फोननं दिलेलं नाही मला.
फोन नव्हता तेव्हा मी
दाराची कडी तपासायची, चारदा.

"बायांचेच आकडे जास्त येऊन राहिले, मामी."
"खरं लिहीत असतील," मी म्हटलं.
"अन् मामाचा कागद?"
तिनं दाखवला.
सगळीकडे एक, एक, एक.
दोन मिनिटांत भरला होता,
रील न थांबवता.

सतराव्यापुढचे गोल
मी कोरेच ठेवले.
तिनं कागद गोळा केले, चप्पल घातली.
तेवढ्यात तिच्या कुर्त्याचा खिसा थरथरला.
तिनं पाहिलं नाही.
पायऱ्या उतरली, फाटक लावलं,
आणि पेरूच्या झाडाखाली,
शेहेचाळीसच्या उन्हात
उभी राहिली कितीतरी वेळ,
घराकडे पाठ करून.