हजेरी

माझं काम खिचडीचं. नावं लिहायचं काम बाईंचं.
पण बाई असतात जांभ्याच्या गडग्यावर उभ्या,
मोबाईल खाडीकडे धरून. तिथेच काय ती रेंज.
म्हणून दार माझ्याकडे.

दारात ती. पाचेक वर्षांची, पाठीला भाऊ बांधलेला.
सड्यावरच्या कलमांच्या बागेतली, राखणीला आलेल्या नेपाळ्यांची.
आत ये म्हटलं. आली नाही.
उंबऱ्याशी बसली, कान डोंगराकडे लावून.

आधार नाही, नाव चढत नाही, बाई म्हणाल्या,
मार्चात आलेत, जूनला जातील,
कुठल्या रकान्यात बसवू यांना?
मी म्हटलं, सध्या उंबऱ्यात बसवलंय.

शिधा येतो विसांचा.
मी पाणी वाढवते. पाण्याला आधार लागत नाही.

पोरांनी नाव विचारलं. बिपना, ती म्हणाली,
आणि मग रडवेली होऊन, आमा.
सगळी खिदळली: बागेत राहते नि आंबा मागते!
मीही हसले.
दोन दिवसांनी कळलं, आई मागत होती.

आई वर डबा बडवते.
तेलाचा पत्र्याचा डबा, वानरं हाकलायला, उजाडल्यापासून.
बाप रात्रभर बॅटरी घेऊन जागतो, दिवसा खोपटात पडतो.
डब्याचा आवाज आमच्यापर्यंत येतो,
समुद्रावरून वारा असला तर फाटका येतो,
पण येतो. तोवर बिपना जेवते.
एक घास तिचा, एक भावाचा,
मध्ये डबा.

परवा अकराच्या सुमारास डबा थांबला.
ती उठली. खरकटा हात तसाच.
काही नसेल झालं. मालक आला असेल,
पाणी प्यायला टेकली असेल, डोळा लागला असेल,
पण पाच वर्षांच्या माणसाला हे सांगायचं
कुठल्या भाषेत?

टोपावरचं झाकण उचललं, उलथनं घेतलं,
अंगणात जाऊन बडवलं.
खालच्या वाडीतली कुत्री भुंकली.
सडा गप्प.
शेवंती, वेड लागलं काय गं! बाई गडग्यावरून.
पुन्हा बडवलं, झाकणाला पोचा येईस्तोवर.

मग वरून, कलमांच्या पलीकडून,
ठण.
जरा थांबून, ठण ठण.

काय चाललंय हे?
हजेरी घेतेय, म्हटलं.

बाई काही बोलल्या नाहीत. पदराने मोबाईल पुसला,
गेली रेंज, एवढंच म्हणाल्या.
बिपनाचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता.
दुसऱ्याचं
अजून ठरत नव्हतं.