दर तासाला दहा मिनिटं

दर तासाला दहा मिनिटं मासे मोजायचे,
आलेल्या आकड्याला सहाने गुणायचं
आणि वहीत लिहायचं.
उरलेली पन्नास मिनिटं नदी आपली आपण वाहते,
साक्षीदार नसताना.

मनोरा अ‍ॅल्युमिनियमचा, वीस फूट,
वारा सुटला की दात वाजवतो.
तळाशी पांढरे पत्रे अंथरलेत,
त्यांच्यावरून सावली सरकली
की मुठीतल्या यंत्राचा खटका दाबायचा.
एक. एक. मग बराच वेळ नुसतं पाणी.
मग एकदम तीनशे, चारशे,
काठाला अंग घासत,
जणू नदीखालून कुणी दुसरी नदी
उलटी ओढत नेतंय.
अंगठा सुजतो. डास पापणीवर बसतो. बसू दे.

समुद्रात दोन-तीन वर्षं खाऊन माजलेले हे सॅमन
गोड्या पाण्यात शिरले की अन्न सोडतात.
लोक म्हणतात, घरी चाललेत.
घरी जाताना कुणी असं उपाशी जातं?
वरच्या तळ्याशी पोचेतो अंग लालभडक,
डोकं शेवाळी, नराच्या पाठीला कुबड,
जबडा असा वाकडा की तोंड मिटत नाही.
खडीत अंडी पुरायची,
आणि मग कातडी सैल होईल तशी
अस्वलांना, सीगलना, काठच्या झाडांच्या मुळांना
वाटून टाकायची.
पोरांचं तोंडही बघायचं नाही.

पण मनोऱ्याखालून जाताना ते अजून रुपेरी असतात,
आणि चवीला असे की
मोजता मोजता माझ्या तोंडाला पाणी सुटतं.
हे वहीत लिहायला रकाना नाही.

ओकालेना मावशी काठावर प्लायवूडच्या फळीशी उभी असते.
हातात उलुआक, अर्ध्या चंद्राची सुरी,
आजीची, मूठ झिजून तिच्याच तळव्याच्या मापाची झालेली.
तीन हिसक्यांत मासा उघडतो,
आत संध्याकाळच्या रंगाचं मांस.
शेपटीशी दोन्ही बाजू जोडलेल्या ठेवून
ती काठीवर टांगते, चड्ड्या वाळत घातल्यासारख्या,
आणि खाली ऑल्डरचा धूर लावते, आठवडाभर.
पोटाकडची पट्टी सगळ्यात तेलकट,
चावली की हनुवटीपर्यंत ओघळ,
बोटं दोन दिवस वास धरून राहतात.
डोकं सूपात. गालाचं मांस म्हाताऱ्यांचं.
डोळे ज्याने भांडून मिळवले त्याचे.

तिचा येफीम अँकरेजला विमानतळावर सामान चढवतो.
एकदा पगार झाल्यावर मोठ्या हॉटेलात गेला,
सॅमन मागवला.
पांढऱ्या ताटात तळहाताएवढा तुकडा,
वर लिंबाची चकती, बाजूला तीन शेंगा.
त्याने वेटरला विचारलं, डोकं कुठंय?
वेटर हसला. येफीमही हसला.
मावशीला फोनवर सांगताना मात्र
दोघंही हसले नाहीत.
दुसऱ्या दिवशी तिने खोकं भरून
टपालाच्या विमानात ठेवलं.
पायलट म्हणाला, दार उघडं ठेवून उडू का?

एक नियम सांगायचा राहिला.
थकून जो मासा खाली वाहून जातो
तो वजा.
यंत्रात उलटा खटका नाही,
म्हणून कागदावर रेघ ओढायची.

रात्री तीनची पाळी. दिवा पाण्यावर सोडलेला.
थर्मासमध्ये मावशीचं सूप,
वाटीत एक डोकं माझ्याकडे बघत.
सातव्या मिनिटाला एक मादी
शेपटीकडून घसरत खाली गेली,
पाठीवर सीलच्या दातांचा पांढरा ओरखडा.
मी रेघ ओढली.
गालाचं मांस काढून खाल्लं.
मी म्हातारा नाही, पण कुणी बघत नव्हतं.

दहा मिनिटं संपली. खटका खिशात टाकला.
अकराव्या मिनिटाला ओरखडा पुन्हा दिसला,
काठाला चिकटून, वर जाताना,
एका पत्र्यावर थांबला, जरा मागे सरला,
मग पुढे.
मला वहीत काही करता येत नव्हतं.
वाटी हातात धरून
मी दिवा होता तिथपर्यंत बघत राहिलो.