ॲव्हरेज

गाडीचं मला तोंडपाठ आहे.
कुताइसी ते झेस्टाफोनी, झेस्टाफोनी ते कुताइसी,
शंभर किलोमीटरला अकरा लिटर डिझेल,
थंडीत, टपावर बटाट्याची पोती असली तर बारा.
एकोणीस वर्षं लिहितोय,
हिरव्या पुठ्ठ्याची वही, उन्हाच्या झडपेत खोचलेली.

मार्चमध्ये डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
नुग्झार, पट्टा कितव्या भोकात बसतो?
म्हटलं, भोकं संपली बाई,
खिळा तापवून नवीन पाडलं.
त्या हसल्या नाहीत.

त्या रात्री वहीच्या पानावर उभी रेघ मारली.
डावीकडे गाडी.
उजवीकडे मी.

सकाळी: मक्याची भाकरी एक, राजमा अर्धी वाटी.
दुपारी: अंडी दोन, काकडी, मीठ.
मीठ मोजत नाहीत म्हणे. तरी लिहिलं.
संध्याकाळी: देवळाच्या टेकडीच्या पायऱ्या,
वरपर्यंत, दोनदा बसून.
तेओना रोज व्रोत्स्वाफहून फोनवर आकडे पुरवते,
आणि लामारा वांग्यात अक्रोडाचं वाटण भरता भरता म्हणते,
अक्रोड कशाला लिहितोस, ते आपल्याच झाडाचे!

पहिला आठवडा मी खोटं लिहिलं.
डिझेलचं कधी लिहिलं नव्हतं.
टाकी घाटात तोंडावर सांगते.
पोट सांगतं, पण सवडीनं.
वाझाच्या पोराच्या लग्नात चौदा प्याले झाले,
वहीत आहेत चार. 'मोठे', असं पुढे.

मग हळूहळू खरं लिहायला लागलो.
खरं लिहिलं की भूक जरा शरमते.
जूनपर्यंत साडेपाच किलो उतरलो.
सीटची स्प्रिंग ब्रेक मारताना कुरकुरायची,
ती गप्प झाली.
जुनं भोक सापडलं पट्ट्याचं,
शाळेतला मित्र भेटावा तसं.

आता गुरुवारचं सांगतो.

गुरुवारी स्विरीच्या फाट्यावर मक्वाला चढते.
वय एक्याऐंशी, बाजाराची टोपली, दोन्ही गुडघे वाकडे.
भाडं तीन लारी. तिनं कधी दिलं नाही.
ती फडक्यात गुंडाळलेली खाचापुरी डॅशबोर्डवर ठेवते,
चीज आतून अजून बुडबुडत असतं,
काचेवर वाफ धरते,
मी बाहीनं पुसतो आणि गिअर टाकतो.
डावीकडच्या रकान्यात: मक्वाला, भाडं पावलं.
उजवीकडे काय लिहायचं?
तेओना म्हणाली, साडेसहाशे तरी धरा बाबा.
साडेसहाशे म्हणजे टेकडी तीनदा.

दोन गुरुवार मी खाल्ली आणि चढलो.
तिसऱ्या गुरुवारी गुडघा बोलला.
झेस्टाफोनीच्या थांब्यावर एक पिवळा कुत्रा असतो,
कान तुटका, कुणाचाच नाही.
त्याला घातली.
चौथ्यालाही.

आरशाचं मला लक्षात यायला हवं होतं.
एकोणीस वर्षं मी त्यात मागचं सगळं बघतो,
त्यातून पुढचंही दिसतं
हे कधी मनात आलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मक्वाला चढली.
टोपलीतून रुमाल काढला, गाठ दातांनी सोडली,
वीस-वीस तेत्रीची नाणी माझ्या तळव्यावर
एकेक मोजून ठेवली. पंधरा.
ऊबदार होती. मुठीत धरून आणलेली.
"वाळलास रे," म्हणाली, "चांगलं दिसतं,"
आणि मागच्या सीटवर जाऊन बसली,
जिथून आरशात फक्त डोक्यावरचा रुमाल दिसतो.

काच त्या दिवशी स्वच्छ होती.
सबंध रस्ता दिसत होता.

रात्री वजन केलं: चारशे ग्रॅम कमी.
डावीकडे लिहिलं, मक्वाला, तीन लारी.
उजवीकडे शून्य लिहिलं,
आणि पेन तिथंच टेकवून बसलो,
शाई कागदात पसरत गेली, पाठच्या पानापर्यंत.

काल रविवार. माझी सुट्टी.
फाट्यापासून तिच्या अंगणापर्यंत
दोन किलोमीटर आणि वर काही पावलं, सगळा चढ.
पायी गेलो.
ती काही बोलली नाही, पीठ मळायला घेतलं.
मी तिचं सरपण फोडलं, पाऊण तास.

वही घरीच राहिली होती.